आंबट सफरचंदाची काडी

"अजून थोडं वर," शोभना म्हणाली.

"अजून वर म्हणजे थेट आभाळात," शिडी धरून उभा असलेला मनोहर म्हणाला. "खालच्या फांद्यांच्या घे की काड्या. त्या काय सफरचंदाच्या नाहीत?"

"त्या जुनाट आहेत. कलमाला गेल्या वर्षी फुटलेली नवी काडी लागते, पेन्सिलीएवढी. ती शेंड्यालाच आहे. अहो, शिडी हलवू नका!"

दोन हजार चार सालचा मार्च होता. मिनियापोलिसजवळच्या ईडन प्रेरीत अजून घोटाभर बर्फ होतं आणि चौपन्न वर्षांची शोभना करमरकर, अंगात नवऱ्याचा जाडजूड कोट चढवून, लिंडक्विस्टच्या झाडावर चढली होती.

लिंडक्विस्टचं शेत त्यांच्या घराच्या मागेच होतं. आजूबाजूची सगळी शेतं जाऊन घरं झाली तरी हे टिकलं होतं. पण लिंडक्विस्ट आता सत्त्याऐंशी वर्षांचा झाला होता. बायको गेलेली, गुडघे गेलेले. त्यानं जमीन विकली आणि तो नर्सिंग होममध्ये राहायला गेला. जमिनीतलं बर्फ वितळलं की बिल्डरची यंत्रं येणार होती. जाताना तो शोभनाला म्हणाला होता, "त्या झाडाचं काही हवं असेल तर घेऊन जा. माझ्या आजोबांनी लावलेलं आहे. हे दुसरीकडे कुठे मी तरी पाहिलेलं नाही."

दिसायला काही खास फळ नव्हतं. लहान, हिरवं, एका गालावर खरबरीत तपकिरी डाग. ऑक्टोबरात दगडासारखं टणक आणि दात आंबतील इतकं आंबट. शोभना लग्न करून इथे आली त्याच्या दुसऱ्या वर्षी, रुचाच्या वेळी तिला दिवस गेले होते आणि कैरीचे डोहाळे लागले होते. त्या काळी इथे कैरी कुठली मिळायला! लिंडक्विस्टच्या बायकोनं कुंपणावरून बादलीभर सफरचंदं दिली. शोभनानं एक चावलं, डोळे मिटले आणि सरळ आत जाऊन मेथांबा केला. मग लोणचं. गॅरेजमध्ये ठेवलेली फळं पाडव्यापर्यंत टिकली, तेव्हा आंबेडाळही त्यांचीच झाली. बातमी पसरली. पुढची कितीतरी वर्षं ऑक्टोबर आला की मिनियापोलिसभरची मराठी माणसं पिशव्या घेऊन लिंडक्विस्टच्या दारात उभी राहायची.

मग दुकानांत फ्रोजन कैरी आली आणि हळूहळू लोक यायचे थांबले.

"आता मिळते ना कैरी," शिडीवरून उतरणाऱ्या बायकोला हात देत मनोहर म्हणाला.

"मिळते. म्हणून ह्या झाडाला मरू द्यायचं?"

 मनोहर निवृत्त इंजिनीअर होता; ज्या गोष्टीचा उपयोग संपला ती काढून टाकायची, असं त्याचं साधं तत्त्व होतं. पण शिडी त्यानंच उचलून घरी आणली.

काड्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजमध्ये गेल्या. केळी आणि दुकानातली सफरचंदं फ्रिजबाहेर आली, कारण पिकत्या फळांच्या वाफेनं काडीचे डोळे, म्हणजे कोंबाच्या गाठी, मरतात, असं शोभनानं वाचलं होतं. दातांच्या दवाखान्यात फ्रंट डेस्कवर बसून ती जेवणाच्या सुट्टीत कलमांवरची पुस्तकं वाचायची आणि घरी येऊन विलोच्या झाडाच्या फांद्या कापून हात बसवायची. बोटांना पट्ट्या बघून डॉक्टरांनी एकदा विचारलंही, घरी सगळं ठीक आहे ना म्हणून.

मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात तिनं शाळेच्या हॉलमध्ये एक टेबल मागून घेतलं. काडीला तिरका काप, खालच्या मुळं असलेल्या खुंटाला तसाच तिरका काप, सालीखालचा हिरवा थर हिरव्या थराला भिडवायचा आणि घट्ट टेप गुंडाळायची. श्रीखंडाच्या रांगेतले लोक थांबून बघत होते.

"शोभनाताई, किती युनिक आहे हे!" मंडळाची अध्यक्ष उल्का म्हणाली. "पण आमचं टाउनहाउस ना, असोसिएशन साधा गुलाब लावू देत नाही. तरी एक काडी नेते हं, आठवण म्हणून."

बऱ्याच जणांनी नेल्या. सगळ्यात शेवटी दीपा नावाची एक मुलगी आली. नवऱ्याच्या प्रोजेक्टसाठी नुकतीच पुण्याहून दीड तासावरच्या सेंट क्लाउडला आलेली. डिपेंडंट व्हिसा, नोकरीची परवानगी नाही, त्यामुळे दिवसभर घरी.

"काकू, आमचं घर भाड्याचं आहे. पण बॅकयार्डमध्ये क्रॅबअ‍ॅपलचं झाड आहे. त्याच्यावर ट्राय केलं तर चालेल?"

"चालेल. सफरचंदाच्या गोतावळ्यातलं कुठलंही झाड चालतं."

हॉल आवरताना शोभनाला कचऱ्याच्या पिंपात, श्रीखंडाच्या वाट्यांमध्ये, काही काड्या दिसल्या. तिनं बाही वर केली, त्या एकेक करून काढल्या, पुसल्या आणि पिशवीत परत ठेवल्या. मनोहर बघत होता. 

जूनमध्ये एके दिवशी ती कामावरून परतली तर मागच्या खिडकीतून भलतंच मोकळं आभाळ दिसत होतं. झाड गेलं होतं. पण तिनं वसंतात आपल्या अंगणात केलेली तीन कलमं लागली होती, त्यांना पानंही आली होती. रोज संध्याकाळी ती त्यांच्यापाशी खुर्ची टाकून बसायची.

त्या हिवाळ्यात बर्फ फार साचलं. मार्चमध्ये ते वितळलं तेव्हा तिन्ही रोपांची साल बुंध्यापासून वरपर्यंत कुरतडलेली होती. साचलेल्या बर्फावर चढून सशांनी काही सोडलं नव्हतं. पांढरी लाकडं तेवढी उभी होती. शोभना गॅरेजच्या पायरीवर बसून राहिली. मनोहरनं चहा आणून दिला. तो तिच्या हातातच गार झाला.

रुचानं शिकागोहून फोनवर समजूत घातली. "आई, इट्स जस्ट अ ट्री. यू ट्राइड."

"हो," शोभना म्हणाली आणि फोन ठेवून नर्सिंग होमला गेली.

लिंडक्विस्ट खिडकीपाशी बसला होता. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "माझं झाड कसं आहे?" खोटं बोलणं सोपं होतं, पण तिनं सगळं सांगितलं. 

"तू काड्या वाटल्या होत्यास ना?" म्हातारा म्हणाला. "मग माझ्याजवळ काय बसलीस? जा, त्यांना विचार."

त्याच संध्याकाळी ती फोन घेऊन बसली. पेशंटना दात साफ करायच्या तारखेची आठवण करून देताना लागायचा तोच आवाज तिनं लावला. उल्काची काडी फुलदाणीत वाळली होती. कुणाची फ्रिजमध्ये सडली होती, कुणाला काडी नेल्याचंच आठवत नव्हतं. "ओ हो, सॉरी काकू, यार, पूर्ण विसरलो!" शोभना प्रत्येकाला "हरकत नाही" म्हणत पुढचा नंबर फिरवत होती. दीपाचा नंबर बंद होता. प्रोजेक्ट संपला आणि ती दोघं परत गेली, असं कुणीतरी सांगितलं. शोभनानं पुण्याचा नंबर मिळवला.

"काकू! अहो, लागली होती ती!" दीपा ओरडलीच. "फुटभर वाढली होती. जाताना काय जीव तुटला माझा. पण आता तिथे दुसरं कोणीतरी राहतं."

"पत्ता सांग," शोभना म्हणाली.

शनिवारी ते सेंट क्लाउडला पोचले तेव्हा बर्फ भुरभुरायला लागलं होतं. दारापाशी मनोहर कुजबुजला, "ती कात्री आधी पर्समध्ये टाक. आपल्याला बघून पोलीस बोलावतील."

दार अर्धवट उघडलं. एक दणकट माणूस, त्याच्या पायाशी भलामोठा कुत्रा. शोभनानं एका दमात सगळं सांगून टाकलं: लिंडक्विस्ट, त्याचे आजोबा, बुलडोझर, ससे, दीपा. माणूस ऐकत राहिला, मग "थांबा" म्हणाला आणि दार लावून घेतलं. दोघं पायरीवर बर्फात उभे. मनोहरनं गाडीकडे पाहिलं. शोभना हलली नाही.

दार उघडलं तेव्हा त्यानं बूट आणि कोट घातला होता.

"ती फांदी इतरांपेक्षा वेगळी दिसते," मागच्या अंगणात नेत तो म्हणाला. "मला वाटलं, झाडाला रोग लागलाय. ह्याच महिन्यात करवतीनं उतरवणार होतो."

क्रॅबअ‍ॅपलच्या गर्दीत ती एकच फांदी जाड, सरळ आणि तपकिरी होती. जोडावर दीपानं बांधलेली टेप अजून होती, पार आत रुतलेली. शोभनानं आधी ती नखानं सोडवली, मग कात्री काढली. माणसानं फांदी वाकवून धरली. तिनं लागतील तेवढ्याच काड्या कापल्या आणि बुडाशी चांगले डोळे राखले.

"ही उतरवू नका," ती म्हणाली. "सध्या जगात एवढीच आहे."

त्यानं फांदी हळूच सोडली. "अ‍ॅपल पाय चांगला होतो का हिचा?"

"लोणचं चांगलं होतं," शोभना म्हणाली, आणि तो हसला.

पुढे मे महिन्यात त्यातल्या बहुतेक काड्यांना पालवी फुटली. ह्या वेळी शोभनानं घरी एकच रोप ठेवलं आणि बाकीची, लावून दाखवीन म्हणणाऱ्यांच्या दारी स्वतः नेऊन, खड्डे खणून, भोवती जाळी ठोकून लावली. लिंडक्विस्टनं त्यातलं एक नर्सिंग होमच्या खिडकीतून पाहिलं. त्याला फळ धरलं त्या वर्षी तो नव्हता. पण हे सगळं नंतरचं. शोभनाला ह्या सगळ्या खटाटोपातून नेहमी आठवायची ती सेंट क्लाउडहून परत येतानाची वाट.

काड्यांची ओली पिशवी मांडीवर घेऊन ती गाडीत बसली. मनोहरनं गाडी सुरू केली, हीटर चालू झाला. जरा पुढे गेल्यावर त्यानं हात पुढे करून तो बंद केला.

"अहो, थंडी वाजेल तुम्हाला."

"ऊब लागली तर अवेळीच डोळे फुटतील त्यांचे, तूच म्हणतेस ना?" टोपी कानांवर ओढत तो म्हणाला. "तू पिशवी सांभाळ."

हायवेवर बर्फ दाट झालं. दोघांच्या श्वासानं समोरची काच धुरकट व्हायला लागली, तेव्हा मनोहरनं आपल्या बाजूची खिडकी बोटभर खाली केली. वारा सपकन आत आला, आणि त्याच्याबरोबर बर्फाचे बारीक कण येऊन शोभनाच्या मांडीवरच्या पिशवीवर बसत राहिले. तिनं ते झटकले नाहीत.