तीन काड्यांचा चूड

"मावशी, हात सोड माझा," म्हणत शकूनं रस्त्यातच बसकण मारली. परकर चिखलात गेला.

भागूबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. कशेळ्याच्या अलीकडच्या त्या वाडीची शाळा समोरच दिसत होती.

"काल गेलतीस नव्हं?"

"गेलते."

"मग पळून का आलीस?"

"तिथं कुणाचं तोंडच दिसत नाय."

देवळाच्या सभामंडपात बालमंदिर सुरू होऊन चार वर्षं झाली होती. रोज सकाळी घरोघरी जाऊन मुलं गोळा करायची, त्यांची नाकं पुसायची आणि दुपारी ज्याची त्याला नेऊन पोचवायची, हे भागूबाईचं काम. पहिलीत गेलेली मुलं तिच्या कामात मोडत नव्हती. पण गेल्या दोन वर्षांत कोण कोण शाळेत गेलं आणि दिवाळीपर्यंत कोण कोण परत गुरं राखायला लागलं, हे तिला एकेकाच्या नावानिशी पाठ होतं. यंदा जूनपासून सहा वेळा पळून आलेली शकू त्या नावांच्या कडेला उभी होती.

शकूची आई बायजा काल स्पष्टच म्हणाली होती, "पुढल्या आठवड्यात पळून आली तर घरीच राहू दे तिला. लावणीचे दिवस, पाळणा हलवाया कुणीतरी पायजेच. शाळेत बसून रडण्यापरीस घरी बसून बाळाचं रडं तरी थांबवील."

भागूबाईनं शकूला उचलून कडेवर घेतलं आणि वर्गात नेऊन सोडलं. मग ती खिडकीशी थांबून नीट बघत राहिली. बालमंदिरात मुलं गोल करून बसत. इथं सगळ्या इयत्तांची मुलं एकाच खोलीत, मास्तरांकडं तोंड करून ओळीनं बसली होती. मुलगे दाराकडं, मुली भिंतीकडं. शकूबरोबर बालमंदिरातून आलेले चांगो आणि गजा पार दुसऱ्या टोकाला होते. चौघी मोठ्या मुलींच्या मागं शकू एकटी बसली होती. तिच्या उंचीवरून तिला चार वेण्या दिसत असणार, बाकी काही नाही. थोड्या वेळानं ती उठली आणि खिडकीकडं न बघता दारातून बाहेर पळाली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि आबाजी मास्तरांच्या खाचरात भाताची लावणी होती. मास्तर स्वतः धोतर खोचून चिखलात उतरले होते. त्यांची आई, येसूबाई, बांधावर बसून रोपांच्या मुठी पुढं टाकत होती. भागूबाई बायकांच्या ओळीत वाकली आणि मुठीतली एकेक काडी सुटी करून लावू लागली. अर्धी ओळ झाल्यावर मास्तरांचं लक्ष गेलं.

"भागूबाई, डोळं गेलं काय तुमचं? एकेक काडी कोण लावतं?"

"का वो? काडी चांगली हिरवीगार हाय की."

"एकटी काडी पाण्यात उभी राहील का? तीन-चार काड्यांचा चूड लावायचा, हे आता मी सांगू तुमाला?"

भागूबाई सरळ उभी राहिली. "मग माज्या शकूला एकटीला का लावलीत, मास्तर?"

बायकांची ओळ थांबली. कुणीतरी फिसकन हसलं.

"घे मास्तरा," येसूबाई म्हणाली, "आज तुझी परीक्षा."

मास्तरांनी कपाळ पुसलं, त्यालाही चिखल लागला. "पोरगी पोरांत बसवायची? गाव काय म्हणंल?"

"गाव हितंच हाय, गुडघाभर चिखलात. इचारा."

"सहा वर्षांची पोर ती," येसूबाई म्हणाली. "तिला काय नवरा पसंत करायचाय?"

आता सगळ्याच हसल्या. मास्तर खाली बघत एकेक चूड लावत राहिले. मग म्हणाले, "किती दिवस?"

"मुळं धरीपर्यंत. आठ-दा दिवस लागतात, तुमाला ठावं हाय."

"बरं. आदी त्या काड्या नीट करा."

भागूबाईनं अर्धी ओळ पुन्हा लावली.

सोमवारी शकू, चांगो आणि गजा एका गोणपाटावर बसले. मास्तरांनी पहिलीची ओळ जराशी वळवून घेतली होती, त्यामुळं मुलांना एकमेकांची तोंडं दिसत होती. भागूबाई बालमंदिरातल्या बाईंना सांगून रोज घटकाभर शाळेच्या पायरीवर येऊन बसे. पहिल्या दिवशी शकू दोनदा बाहेर आली, मावशी आहे हे बघितलं आणि आत गेली. बुधवारी एकदाच आली. शनिवारी आलीच नाही.

त्या दिवशी बायजा बाळाला खांद्यावर टाकून शाळेच्या वाटेवर उभी होती.

"रडली नाय?"

"कवाच नाय. गजाला धपाटा घातलान, तो रडला."

बायजा हसली. घरी जाऊन तिनं पाळण्याला लांब दोरी बांधली, चुलीपुढं बसून ओढता येईल अशी.

पुढच्या बुधवारी मधल्या सुट्टीत शकू बाहेर आली ती दोन मोठ्या मुलींचे हात धरून. भागूबाईपुढं येऊन ती थांबली.

"मावशी, तू रोज का येतीस?"

"तुला बघाया."

"बघितलंस ना? मग जा आता. तिकडं बारकी पोरं वाट बघत असतील." आणि मुलींना ओढत ती पिंपळाकडं पळाली.

भागूबाई एकटीच मोठ्यानं हसली. उठून तिनं लुगडं झटकलं आणि देवळाच्या वाटेला लागली. वाटेतल्या ओढ्याला घोटाभर पाणी होतं. तिनं तो भराभर पार केला. पलीकडं चढताना तिच्या ध्यानात आलं, डावा हात कमरेशी वाकवून, कडेवर कोणी असल्यासारखा, तिनं तसाच धरला होता.