शालूबाईच्या मुसळानं शिकवलेला ठेका

मी एक जुना पितळी ट्यूबा आहे. हिंगोलीत मला या नावानं कुणी हाक मारत नाही, सगळे भोंगा म्हणतात. म्हणोत बापडे. माझं तोंड आभाळाकडे, पोट सुटलेलं आणि पोटाशी तीन कळा. इथली जुनी छावणी मोडली तेव्हा बँडाचं सामान लिलावात निघालं. बँडाचे आताचे मालक माणिकराव, त्यांच्या वडिलांनी मला घेतलं आणि लग्नाचा बँड काढला.

मित्रांनो, गाणं वाजवणं माझं काम नाही. गाणं क्लार्नेट वाजवतं आणि मिरवतंही तेच. मी खालून जाड सूर टाकतो, दुम... दुम... त्यावर वरातीची पावलं पडतात. भिंतीचा रंग सगळे बघतात, जोत्याकडे कोण बघतं?

१९३४ साली मला वाजवणारा म्हातारा वारला आणि देवला आला. चाळिशीचा माणूस. आयुष्यभर भावाच्या सनईमागे बसून एकच सूर धरलेला. भाऊ गेला, तशी बोलावणी थांबली आणि घरची चूल मंदावली. माणिकरावांनी त्याला साफ सांगितलं, "कळमनुरीच्या लग्नापर्यंत जमलं तर तू. न्हाई तर मी नांदेडचा माणूस आणतो."

देवलाच्या छातीत वारा भरपूर होता. घोटाळा तिथंच झाला. सनईमागे सूर धरणाऱ्यानं तो तुटू द्यायचा नसतो. गालातला वारा सोडत राहायचं आणि नाकानं श्वास घ्यायचा. देवलानं माझ्यातही तेच केलं. एकदा सूर लावला की सोडीचना. मी म्हशीसारखा हंबरत राहिलो आणि बाकीच्यांना पाऊल सापडेना. तिसऱ्या दिवशी त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि तो मला घेऊनच आडवा झाला. तो पोचा माझ्या कुशीला अजून आहे.

"मधी थांब की," माणिकराव म्हणाले.

"थांबलं तर सूर तुटतो, मालक."

"तुटू दे."

"भावाच्या मागं कधी तोडला न्हाई."

माणिकरावांनी हात टेकले.

संध्याकाळी देवलाची आई शालूबाई शेजारणीबरोबर उखळात मिरच्या कांडत होती. एकीचं मुसळ पडे, तेव्हा दुसरीचं वर जाई. देवला मला मांडीवर घेऊन ओट्यावर बसला नि लागला हंबरायला.

"काहून रे, म्हैस इकत आनलीस का?" म्हातारीनं विचारलं.

"सूर धरून राहिलो, माय."

"धर. मीबी मुसळ उखळातच दाबून धरते. मंग हिनं कुठं हानावं, माझ्या डोस्क्यात?"

शेजारीण खोकत खोकत हसली.

"तू हान, हसू नगंस," शालूबाई तिला म्हणाली आणि लेकाकडे वळली. "बघ. पडलं की उचलायचं. दुसऱ्याला जागा द्यायची. तुझ्या बापाला जलमभर समजलं न्हाई, तुला तरी समजू दे."

देवला त्या मुसळांकडे बघत राहिला. मग शालूबाईचं मुसळ पडलं की फुंकायचं, उचललं की ओठ सैल. दुम... मोकळी जागा. दुम... मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेत शेजारणीचा घाव बराबर बसे. खकाण्यानं तिघंही शिंकत होती, पण ठेका चुकला नाही. पुढं मिरच्या संपल्या, तशी शालूबाईनं हळकुंडं काढली.

कळमनुरीची वरात वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंत एका पावलानं चालली. फेटा क्लार्नेटवाल्याला बांधला गेला. माणिकराव देवलाला एवढंच बोलले, "उद्या कोटाचं माप दे."

चौदा वर्षं आम्ही दोघांनी गावोगावच्या वराती चालवल्या. मग देवलाला दमा जडला. १९४८ साली निजामाची राजवट संपली आणि हिंगोलीत मिरवणूक निघायची ठरली.

"तू घरी बस, आमी निभावू," माणिकराव म्हणाले आणि बँड घेऊन गेले. आम्ही ओट्यावरच. चौकातून नुसता गोंगाट ऐकू येत होता. ज्याचं त्याचं वाद्य वेगळ्या वाटेनं. थोड्या वेळानं माणिकराव स्वतः दारात उभे.

"देवला, पावलंच पडून न्हाई राहिली. चल. अर्धं वाजव, पन चल."

देवला बैलगाडीत बसून वाजवत गेला. एक ठोका फुंकायचा, दुसरा सोडून द्यायचा. तेवढ्यावर अख्खी मिरवणूक चालली.

मित्रांनो, वाद्य वाजवून झालं की आतलं पाणी काढा, कळांना तेल द्या, फडक्यानं पुसा. त्यानं आमचं आयुष्य वाढतं. पण कधी माझं राहिलं तर राहू द्या. क्लार्नेटवाल्याभोवती गर्दी जमते तेव्हा मागं कुणीतरी छाती धरून बसलेलं असतं. पाण्याचा तांब्या आधी त्याला द्या.