हवामानाच्या पानाच्या भेटी

मुख्याध्यापकांना आलेखांचं वेड होतं. कुणाला बागेचं असतं, कुणाला पत्त्यांचं, यांना आलेखांचं. मुलांची हजेरी, ग्रंथालयातून गेलेली पुस्तकं, फुटलेल्या काचा, सगळ्याचे रंगीत आलेख त्यांच्या खोलीच्या भिंतीवर टांगलेले असत. शिक्षकांच्या खोलीत त्यांचं नाव 'आलेखराव' पडलं होतं आणि ते त्यांनाही माहीत होतं. त्यात शिक्षण कार्यालयाने शहरातल्या सहा माध्यमिक शाळांच्या वेबसाईट एकाच मोजणीला जोडल्या. कोणत्या शाळेच्या वेबसाईटला किती भेटी होतात, कोणतं पान किती वेळा उघडलं जातं, हे आता साऱ्यांनाच दिसू लागलं. वर्षअखेरीस जी शाळा पहिली येईल तिला नवी संगणक खोली मिळणार होती. माकडाच्या हाती कोलीत मिळावं तसं झालं.

हे सगळं ज्यांच्या गळ्यात पडलं ते म्हणजे शाळेचे संगणकाचे सर. मुलं त्यांना नुसतं 'सर' म्हणत, बाकीचे शिक्षक 'वेबसाईटवाले' म्हणत, आणि घरी काही म्हणायला कुणी नव्हतंच. बायकोशी फारकत होऊन तिसरं वर्ष चाललं होतं. दोन खोल्यांच्या घरात एक खुर्ची बसायची आणि दुसरी कपडे टाकायची. शाळा सुटली की शाळेचाच लॅपटॉप खांद्याला लावून घरी जायचं, काहीतरी गरम करून खायचं, भांडं लगेच धुऊन ठेवायचं. वाट बघण्यासारखं घरात काही उरलं नाही की माणूस भांड्यांकडे वळतो, दुसरं काय.

कामात मात्र सर चोख होते. मोजणीचा पहिला नियम त्यांना पाठ होता: घरचा माणूस पाहुण्यांत धरायचा नाही. वेबसाईट सांभाळणारा दिवसभर ती उघडत-मिटत असतो; त्याच्याही भेटी मोजल्या तर सगळा हिशेब फुगतो. म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी आपला लॅपटॉप आपल्या शाळेच्या मोजणीतून वगळून टाकला होता. आलेखराव कुरकुरले, "अहो, चार भेटी वाढल्या तर कुणाचं काय जातंय?" पण सरांनी ऐकलं नाही.

नदीपलीकडची शाळा सुरुवातीला पाचवी होती. दिवाळखोर दुकानासारखी तिची वेबसाईट, वर्षापूर्वीच्या सूचना अजून लटकलेल्या. तीच शाळा बघता बघता तिसरी झाली, मग दुसरी झाली, आणि एका सोमवारी आलेखरावांची निळी रेघ खाली ठेवून तिची लाल रेघ वर निघून गेली. आलेखरावांच्या तोंडचं पाणी पळालं. शाळा सुटल्यावर त्यांनी सरांना आणि आणखी दोघा शिक्षकांना खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"उघडा त्यांचं. कुठलं पान एवढं बघतायत लोक, ते कळू द्या."

सरांनी मोजणी पडद्यावर आणली. पानांची नावं भेटींच्या क्रमाने खाली उतरत गेली. सगळ्यात वर होतं: 'आजचं हवामान'.

"हवामान?" आलेखराव चष्मा पुसत म्हणाले. "शाळेच्या गच्चीवरचं हवामान बघायला शहर लोटतंय? खिडक्या नाहीत का लोकांना?"

दोघे शिक्षक हसले. सर हसले नाहीत. त्या पानाखालची नोंद सगळ्यांना वाचता येण्यासारखी होती: जवळजवळ सगळ्या भेटी एकाच संगणकावरून.

ते पान सरांची लेक लिहीत होती.

नदीपलीकडे आईकडे राहणारी, त्याच शाळेत नववीत शिकणारी मुलगी. शाळेच्या गच्चीवर पाऊस मोजायचं भांडं आणि तापमापक होता. त्याची नोंद घ्यायचं काम तिने आपणहून मागून घेतलं होतं. आकडे लिहून झाल्यावर खाली ती एखाद-दुसरं वाक्य लिहायची. 'आज वारा पडला आहे, गच्चीवरची कबुतरंसुद्धा कंटाळली.' 'धुकं एवढं की नदी गेली कुठे असं झालं.' 'शिडी ओली होती, घसरले, पण भांडं सांडलं नाही.' त्या दिवशी सर वर्गात उभे राहून मुलांना भलतंच काहीतरी शिकवत राहिले होते, कारण घसरली म्हणजे लागलं का, हे पानावर नव्हतं.

कारण तिला विचारायची सोय नव्हती. फारकतीनंतर सर तिच्या शाळेच्या फाटकाशी जाऊन उभे राहायचे. नुसते उभे. एकदा ती मैत्रिणींना मागे ठेवून पुढे आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्ही इथे येत जाऊ नका. सगळे विचारतात." सर बरं म्हणाले आणि परत कधी गेले नाहीत. फोन केला तर ती 'हो', 'नाही', 'बरी आहे' याच्या पुढे सरकत नसे, म्हणून फोनही हळूहळू थांबला. दिलेला शब्द त्यांनी पाळला होता. वेबसाईटला फाटक नसतं, अशी त्यांनी आपल्या मनाची समजूत घातली होती. ती नोंद कधी लिहील याचा नेम नसे. कधी सकाळी, कधी मधल्या सुट्टीत, कधी शाळा सुटताना. म्हणून सर पान पुन्हा पुन्हा उघडून बघत. तास संपला की एकदा, सुरू व्हायच्या आधी एकदा, घरी ताट वाढून घेतल्यावर एकदा. दुधाची तहान ताकावर, पण तहान खरी होती.

आणि एवढ्या काळात या चोख माणसाच्या डोक्यात आलं नाही की आपला लॅपटॉप आपण फक्त आपल्या शाळेच्या मोजणीतून वगळला आहे. नदीपलीकडच्या मोजणीत तो परका होता. तिथे त्यांची प्रत्येक भेट पाहुण्याची म्हणून धरली जात होती. दुसऱ्याच्या घरचा पाहुणा आपणच, आणि आपल्याच शाळेला खाली ओढणारेही आपणच!

"खोट्या भेटी आहेत या," आलेखराव टेबलावर बोट आपटत म्हणाले. "त्यांच्या ग्रंथपाल बाई बघतात ना वेबसाईट? त्याच बसल्या असतील उघड-मीट करत. उद्या कार्यालयाला तक्रार करायची. सर, तुम्ही मसुदा करा, तुम्हाला त्यातलं कळतं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. कळसा मान खाली घालून बसला होता.

"एक दिवस द्या," सर म्हणाले. "नीट तपासतो."

घरी आल्यावर त्यांनी लॅपटॉप उघडला नाही. बोललो नाही तर त्या बिचाऱ्या बाईंवर आळ येणार. बोललो तर भेटी कुणाच्या हे बाहेर पडणार, आणि लेकीला कळणार की बाप फाटकावरून गेला तो खिडकीशी येऊन बसला. मग ती लिहायचं बंद करील. रोजचं ते एक वाक्यही जाईल. सरांनी भात गरम केला आणि तसाच झाकून ठेवला. त्यांना भीती वाटत होती, सरळ साधी भीती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, रिकाम्या संगणक खोलीतून त्यांनी ग्रंथपाल बाईंना फोन लावला. कार्यालयाच्या बैठकांमुळे दोघांची ओळख होती. ताकाला जाऊन भांडं लपवायला नको म्हणून ते पहिल्याच वाक्यात हवामानाच्या पानावर आले.

"अहो, त्या पानाचं काय सांगू!" बाई खुशीत आल्या. "ती मुलगी हवेत आहे नुसती. सहा शाळांत सगळ्यात जास्त बघितलं जाणारं पान आपलं, असं वर्गभर सांगत सुटलीये. आधी कुणाशी फार बोलायची नाही हो. आता रोज मला आकडा विचारायला येते."

सरांना हे ठाऊक नव्हतं. ते खुर्चीत बसले. खरं सांगायचं तर आता मुलीचा आनंदही जाणार होता, आणि तो नेणारे आपणच.

"बाई," ते म्हणाले, "त्या भेटी माझ्या आहेत."

"म्हणजे?"

"सगळ्या. ती माझी मुलगी आहे."

बाईंनी आजवर नुसता आकडाच बघितला होता; आता त्यांनी त्याखालची नोंद उघडून वाचली. मग त्यांचा आवाज उतरला. "मला दुरुस्ती करावी लागेल, सर. तुमचा लॅपटॉप वगळावा लागेल. आणि खरं सांगू? तो वगळल्यावर त्या पानाला कुणीच उरणार नाही. आमच्या मुख्याध्यापिका आधीच म्हणतायत, मुलीला गच्चीवर चढवायचं ते कशाला."

"करा दुरुस्ती. फक्त माझं नाव तिला सांगू नका."

तसेच उठून ते आलेखरावांच्या खोलीत गेले आणि त्यांनाही सांगितलं. आलेखरावांनी आधी डोळे मोठे केले. "तुम्ही? आपल्या शाळेचं खाऊन नदीपलीकडची रेघ वर चढवलीत? हवामानात एवढं काय बघायचं असतं हो?"

"मुलगी लिहिते माझी. दुसरं काही कळत नाही तिचं."

आलेखराव भिंतीवरच्या निळ्या आणि लाल रेघांकडे बघत राहिले. मग त्यांनी टेबलावरचा तक्रारीचा कोरा कागद उचलून खणात टाकला. "बसा," ते म्हणाले, "चहा सांगतो." त्यांना एवढंच सुचलं.

त्यानंतर सरांनी ते पान उघडलं नाही. उघडायला बोट जायचं आणि मागे यायचं. आता मोजलं जाणार नव्हतं, कुणाला कळणार नव्हतं, तरी चोरून बघितल्यासारखं वाटायला लागलं होतं, आणि पान बंद झालेलं दिसलं तर काय, हीही धास्ती होती. बाहेर एक दिवस जोराचा वारा सुटला. शिडीवर ती चढली असेल का, हे त्यांना कळलं नाही. घर आधीही रिकामं होतं. पण त्या आठवड्यात ते किती रिकामं आहे हे त्यांना नीट दिसलं.

शनिवारी दुपारी ग्रंथपाल बाईंचा फोन आला.

"दुरुस्ती केली, सर. आम्ही पुन्हा पाचवे. तिला सांगावंच लागलं. म्हटलं, भेटी खऱ्या होत्या, पण सगळ्या एकाच माणसाच्या. तोंड एवढंसं झालं तिचं."

"हं," सर म्हणाले.

"मी विचारलं, आता वाचणारं कुणी नाही, पान बंद करू या का? तर म्हणाली, तो माणूस रोज यायचा का? मी म्हटलं, रोज. सुट्टीच्या दिवशीसुद्धा."

"कोण ते विचारलं तिने?"

"नाही ना. मी तोंडात तयारच ठेवलं होतं की नियमात बसत नाही म्हणून. पण विचारलंच नाही. म्हणाली, पान असू द्या. मी लिहीन."

सरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. बाई अजून बोलत होत्या.

"आज पुन्हा आली होती. वगळलेल्या भेटी कुठे बघता येतात का, म्हणून. दाखवल्या. सोमवारनंतर एकही नाही. तशीच उभी राहिली. मग म्हणाली, बाई, तुम्ही त्या माणसाला ओळखत असाल तर विचाराल का, बरा आहे ना तो? काय सांगू तिला?"

सरांनी बाहीने डोळे पुसले.

"बरा आहे म्हणावं," सर म्हणाले. "आणि शिडीला धरून चढत जा म्हणावं."