मापाच्या काठ्या

शिंपीमास्तरांना आठवडाभर एकच स्वप्न पडत होतं. तळ्याकाठी कमरेइतकं धुकं, आणि दोन्ही हातांत काठ्या घेऊन बायको पुढे चाललेली. पाय दिसत नाहीत, नुसतं टक्-टक् ऐकू येतं. प्रत्यक्षात जिन्यावरून पडल्यापासून सात महिने तिनं उंबरा ओलांडला नव्हता. शेवटी परवा म्हणाली, "आणा त्या चालायच्या काठ्या. एकदा बघेन. नाही जमलं तर पुन्हा नाव काढायचं नाही."

दुकानातली बाई भली होती. "काका, काठी सरळ टेकवून मूठ धरली की कोपराचा काटकोन व्हायला हवा. काकूंनाच आणा ना. नाहीतर ही कमी-जास्त होणारी जोडी न्या."

मास्तरांचा पारा चढला. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतलेल्या माणसाला ही कालची पोर काटकोन शिकवणार! "चौसष्ट इंच उंची," ते म्हणाले. "लग्नाच्या वेळी घेतलेलं माप आहे. पुन्हा टेप लावावी लागली नाही." एकाच लांबीची, एकशे दहा सेंटिमीटरची जोडी काखोटीला मारून ते घरी आले.

बायकोनं मुठी धरल्या, तर कोपरं वर आणि खांदे कानांपाशी. "काठ्याच चुकीच्या," मास्तर पुटपुटले. मग गळ्यातली टेप काढून त्यांनी तिला भिंतीशी उभं केलं. एकसष्ट. पुन्हा मोजलं. एकसष्टच.

"अगं, पण मी कपडे जुन्याच मापानं बेततो. ते कसे बसतात तुला?"

तिनं झग्याची कड उलटून दाखवली. मास्तरांच्या सुबक शिवणीवर दुसरी दुमड होती, हातानं घातलेल्या वाकड्यातिकड्या टाक्यांची.

"दुपारी तुम्ही घोरत असता, तेव्हा घालते. तुमच्या मापाचा केवढा तोरा! म्हटलं, राहू दे."

मास्तरांना भरून आलं. ही बाई डोळ्यांदेखत कमी होत गेली आणि आपण जगाला टेप लावत बसलो. लाज वाटली, त्याहून जास्त भीती वाटली. "परत करून येतो," ते कसेबसे म्हणाले. "नाही जमलं ना. आता नाव काढणार नाही."

"माप तुमचं चुकलं. माझं न जमायला मी अजून चालले कुठे?" ती चपला शोधू लागली. "मीच येते. तुमचा आता काही भरवसा नाही, अहो."

दोन गल्ल्यांना पाऊण तास लागला. ऊन इतकं मऊ होतं की मास्तरांना आपण जागे आहोत की नाही, तेच कळेना. फक्त स्वप्नात ती पुढे असायची. इथे ती त्यांच्या दंडाला धरून शेजारी होती, आणि तिचा भांग त्यांना पहिल्यांदाच वरून दिसत होता.

"कितीचं माप म्हणालात, काका?" दुकानातल्या बाईनं विचारलं.

"हिलाच उभं करून बघा," मास्तर म्हणाले. "आणि ती कमी-जास्त होणारी जोडी द्या." मग हळूच म्हणाले, "कमी कशी करायची, ते मला नीट शिकवा."