साथीत अडकलेली बॅग

मित्रांनो, मी एक जुनी प्रवासाची बॅग आहे. माझे एक चाक कुरकुरते आणि चेन कोपऱ्यावर रुसून बसते. तरी आजीने मला कधी टाकले नाही. तिची लेक परदेशात बाळंत होणार होती. बाळाला मांडीवर घ्यायचे, या एकाच ध्यासाने तिने मला भरले, आणि जगभर साथ पसरली.

लेकीच्या देशाने बाहेरच्यांसाठी दारे लावून घेतली. आजीचा मुलगा दुसऱ्या देशात राहत होता, त्या देशाने दुकाने, रस्ते सारे उघडे ठेवले. मी मात्र पलंगाखाली भरलेलीच राहिले. नात जन्मली. आजी अधूनमधून मला उघडायची, लहान झालेली झबली काढून मोठी शिवून ठेवायची. माप शेजारच्या बाळाचे. ते इतके गुटगुटीत, की झबल्यांचे तंबू व्हायचे.

"जावयाचा देश म्हणजे नुसतं कुलूप," आजोबा चिडवायचे. "आपला पोरगा बघ कसा मोकळा फिरतोय."

"फिरू दे. तुम्ही आधी तो मास्क नाकावर घ्या."

पुढे एक दिवस मुलाचा फोन आला. त्याला पोटच्या पोरासारखे जपणारे घरमालक साथीत गेले होते. त्या गल्लीतली आणखीही घरे ओकीबोकी झाली होती. लेकीच्या गल्लीतले म्हातारे मात्र रोज बागेत फिरत होते. आजोबांनी मास्क नाकावर ओढून घेतला. मग म्हणाले, "म्हणजे कुलूपवाले जिंकले म्हणायचे."

"माणसं वाचली, हे खरंच हो," आजी म्हणाली. "पण माझी पोर तिथे माहेरच्या आधाराविना बाळ वाढवतेय. ते कुठल्या हिशेबात धरायचं?"



दारे उघडली आणि आजी मला घेऊन लेकीकडे पोचली, तेव्हा नात धावू लागली होती. आजीने हात पुढे केले. नात आईच्या मागे लपली.

"असू दे, येईल सवडीनं," आजी म्हणाली.

दुपारी नात खेळता खेळता सोफ्यावर झोपली. आजीने तिचे डोके अलगद मांडीवर घेतले. पायाला मुंग्या आल्या, तरी ती हलली नाही. मी कोपऱ्यातून पाहत होते.

मित्रांनो, मोठे झालात की कोणत्या देशाने काय केले, ते जरूर पडताळून पाहा. किती माणसे वाचली, हे आधी विचारा. मग वाचलेल्यांचे काय राहून गेले, तेही विचारा. आणि तुमची कुणी वाट पाहत असेल, तर दारे उघडी आहेत तोवर जाऊन या.