अरुणाताई पिस्तूल निवडतात

अरुणाताई कुठलीही वस्तू दुकानदाराच्या शब्दावर घेत नसत. मिक्सर असो की मोटार, ज्याच्या घरी ती पाच-सात वर्षं नांदली आहे त्याला गाठायचं, आणि ‘कशी आहे?’ असं न विचारता ‘हिचा त्रास काय होतो?’ असं विचारायचं, ही त्यांची पद्धत. कौतुक काय, कुणीही करतं. आपणच पैसे मोजून आणलेल्या वस्तूला नावं ठेवायला माणूस लाजतो, म्हणून तेवढंच आधी काढून घ्यायचं. बेलफास्टमधलं घर त्यांनी असंच घेतलं होतं, आणि आता त्या अशाच पद्धतीने पिस्तूल घ्यायला निघाल्या होत्या.

हो, पिस्तूल. दचकायचं कारण नाही. नवरा गेल्यावर जो तो त्यांना भजनाला नाहीतर योगाला पाठवायला टपला होता. त्या गेल्या शेजारच्या ट्रेव्हरबरोबर नेमबाजीच्या क्लबात. तिथे कुणी मान वाकडी करून ‘कशा आहात?’ म्हणून कीव करत नसे. शिवाय त्यांचा नेम चांगला होता, आणि साठी उलटल्यावर एखादी नवी गोष्ट आपल्याला झकास जमते याचा त्यांना भारी आनंद होता. क्लबची पिस्तुलं वापरून झाली, आता स्वतःचं हवं होतं.

नेमका त्याच वीकेंडला त्यांचा एकुलता एक मुलगा अपूर्व लंडनच्या एजवेअरहून येऊन दाखल झाला. आला तो सगळं ठरवूनच. तिकडे त्याच्या घरामागच्या बागेत आईसाठी खोली बांधून तयार होती. बेलफास्टच्या घराची किंमत ठरवायला सोमवारी एस्टेट एजंट येणार होता. आईला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

“आई, तुझा रूम एकदम वॉर्म आहे. अंडरफ्लोर हीटिंग,” तो जेवता जेवता म्हणाला. “तू तनिषाला स्कूलमधून आणशील, नीनाला हेल्प होईल. इथे एकटी काय करणार तू?”

“उद्या बघ काय करते ते,” अरुणाताई म्हणाल्या.

त्या संतापल्या होत्या. तनिषावर, त्यांच्या नातीवर, त्यांचा जीव होता. सुनेशीही काही वाकडं नव्हतं. पण आपलं राहतं घर आपल्याला न विचारता विकायला काढतो म्हणजे काय? रागाच्या भरात त्यांनी आमटीत दोनदा मीठ घातलं होतं. तीच त्याला आणखी एक डाव वाढली.

शनिवारी सकाळी जुन्या दगडखाणीतल्या क्लबच्या रेंजवर पोचेपर्यंत अपूर्व “आर यू सीरियस?” एवढंच म्हणत होता. तिथे ट्रेव्हरने तीन सभासदांची पिस्तुलं टेबलावर मांडली होती. तिन्ही टणक प्लास्टिकच्या सांगाड्याची, म्हणजे सांगाडा गंजायची भीती नाही.

“लेडीजना हे छोटं बरं,” पहिला मालक म्हणाला.

“तुमची बायको वापरते?”

“तिने एकदा उडवलं आणि परत माझ्या हातात दिलं.”

अरुणाताईंनी उडवून पाहिलं तेव्हा कारण कळलं. इतकं हलकं, की धक्का सगळा मनगटात. एक गोळी कागदाच्या कडेला, दुसरी कुठे गेली देव जाणे.

इथे अपूर्वच्या अंगातला घराण्याचा रोग उफाळून आला. त्याने फोन काढला. “पण आई, फोरमवर याला फोर पॉइंट सेव्हन रेटिंग आहे!”

“लिहिणाऱ्याने घेऊन किती दिवस झाले?”

अपूर्वने वाचलं आणि ओशाळला. “काल घेतला म्हणतो.”

मग तो गप्प उभा राहीना. दुसऱ्या मालकाला आईच्याच थाटात त्याने विचारलं, याचा त्रास काय? स्प्रिंग फार कडक, मॅगझिनमध्ये गोळ्या भरताना अंगठ्याची वाट लागते, असं कळलं. “आई, तुझ्या अंगठ्याला आर्थ्रायटिस आहे. कॅन्सल,” त्याने परस्पर निकाल दिला.

राहिलं ट्रेव्हरचं धिप्पाड पिस्तूल. “हे तुला मोठं होईल, अरुणा,” ट्रेव्हर म्हणाला. “आणि हात घामेजला की मूठ निसटते. मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवलाय.” मुठीमागची पट्टी बदलता येत होती. अपूर्वनेच सगळ्यात बारकी पट्टी शोधून बसवायला लावली. अरुणाताईंनी पाय रोवले, श्वास सोडला आणि मॅगझिन रिकामं केलं. सगळी भोकं वाटीच्या तोंडात मावतील एवढ्या जागेत होती.

“हाच घे, आई!” अपूर्व कागद नाचवत म्हणाला. “डेफिनिटली हाच. एजवेअरला लॉफ्टमध्ये सेफ बसवू या.”

“एजवेअरला नाही ठेवता येत,” अरुणाताई पिस्तूल खाली ठेवत म्हणाल्या. “इंग्लंडात असल्या पिस्तुलांना बंदी आहे. इथे उत्तर आयर्लंडात क्लबच्या मेंबरला लायसन्सवर मिळतं.”

अपूर्वचा चेहरा पडला. तो लहानाचा मोठा इथेच झालेला, त्याला हे पक्कं ठाऊक होतं. तुलना करायच्या नादात साफ विसरला होता.

“यू ट्रिक्ड मी.”

“मी तुला एक अक्षर विचारलं नव्हतं. हाच घे, असं तूच म्हणालास. आणि बरं झालं विसरलास, नाहीतर सल्ला नीट दिला नसतास.”

“आणि तो रूम? किती रिसर्च केला मी त्यासाठी!”

“हीटिंगचा केलास,” अरुणाताई म्हणाल्या. “ज्यांच्या आया घर विकून मुलाकडे राहायला गेल्या, त्यांतल्या एका तरी आईला विचारलंस का, त्रास काय होतो म्हणून?”

अपूर्व हातातल्या कागदाची घडी घालू लागला.

“ख्रिसमसला चार दिवस येईन मी त्या खोलीत राहायला. सोमवारी येणाऱ्या त्या माणसाला फोन कर. आत्ता.”

त्याने खिशातून फोन काढला. नंबर शोधायला त्याला वेळ लागत होता. अरुणाताईंनी त्याची वाट पाहिली नाही. त्यांनी कानांवर आवाज अडवणारे मफ चढवले आणि ट्रेव्हरकडे आणखी गोळ्या मागितल्या.