दवाखान्यातला एक

बाबा गेल्यावर नवव्या दिवशी ती आली. बाबांच्या लॉकरमधलं सामान एका कापडी पिशवीत घालून आणलं होतं. जादाचा शर्ट, चष्म्याचं घर, गोळ्यांची अर्धी पट्टी आणि कान तुटलेला कप. एकेक वस्तू टेबलावर ठेवून झाल्यावर ती म्हणाली, "मी तुरुंगात कंट्रोल रूमला असते, ताई. काका मला 'कंट्रोल' म्हणूनच हाक मारायचे."

ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असेल. गणवेश नव्हता, तरी बूट तेच होते, बाबांसारखे लखलखीत.

मी चहा टाकला. साखरेच्या डब्यात चमचा घातला तशी ती म्हणाली, "काकांना बिनसाखरेचा लागायचा."

"घरी दोन चमचे घ्यायचे."

"हो, सांगायचे ना. म्हणायचे, एकदम बंद केली तर पोरगी खोदून खोदून विचारेल. डॉक्टर, गोळ्या, सगळंच बाहेर येईल."

मी चमचा परत डब्यात टाकला. गोळ्यांची पट्टी कशाची ते मला आत्ता कळत होतं, आणि तिला ते कधीपासून ठाऊक होतं कोण जाणे. मला तिचा राग आला असं लिहिणं सोपं आहे. पण तो राग नव्हता. मला तिचा हेवा वाटला. बाबांची काळजी करणं हे माझं काम होतं, आणि ते ही परकी मुलगी परस्पर करून बसली होती.

"तुम्हाला बरंच ठाऊक आहे," मी म्हटलं.

टोमणा तिला कळला असावा. तरी ती बसून राहिली आणि सांगत गेली.

बाबा तीस वर्षं तुरुंगात पहाऱ्यावर होते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पाळीच्या प्रमुखाने हात बांधलेल्या एका कैद्याला मारलं. बाबांनी जे पाहिलं ते रिपोर्टात लिहिलं, शब्द न बदलता. दुसऱ्या दिवसापासून पाळीतलं कुणी त्यांच्याशी सरळ बोलेना. कपाचा कान तेव्हाच तुटला. 'या साधुबुवा', 'बुवांना आसन द्या रे', असं रोज चालायचं. पण त्यांना खरं छळलं ते गिनतीने.

संध्याकाळी सहाला बराकी बंद होतात. प्रत्येक शिपाई आपल्या मजल्यांवरचे कैदी मोजतो आणि आकडा वायरलेसवर सांगतो. सगळे आकडे फळ्यावरच्या आकड्याशी जुळल्याशिवाय पाळी सुटत नाही. मधेच एखाद्या कैद्याला दवाखान्यात हलवलं, तर त्याची चिठ्ठी त्या मजल्याच्या शिपायाला मिळायला हवी. बाबांच्या मजल्यांची चिठ्ठी पाळीप्रमुखाच्या खिशात राहायची. बाबांचा आकडा एकाने कमी यायचा. "बुवा, एक पळवलात की काय? पुन्हा मोजा." बाबा पुन्हा तीन मजले चढायचे. खाली सगळी पाळी घड्याळाकडे बघत त्यांच्या नावाने बोटं मोडायची.

"मला दवाखान्याचा आकडा दिसायचा," ती म्हणाली. "मी हळूच वायरलेसवर सांगायचे, काका, एक दवाखान्यात आहे. बरोबर आहे तुमचं."

बरोबर. हा शब्द आमच्या घरचा होता. आई असताना जेवायला बसलं की बाबा ताटांवरून बोट फिरवायचे, "तीन. बरोबर." आई वैतागायची, "अहो, आम्ही कैदी आहोत का?" आई गेल्यावर दोन. पाहुणे आले की पाच, सात, आणि एकदा मांजर धरून आठ. मग एके दिवशी त्यांनी मोजणं सोडलं. मला ते जाणवलं होतं. मी विचारलं नाही.

"एकोणीस तारखेला माझी ड्युटी बदलली," ती खाली बघत म्हणाली. "मला बाहेरच्या गेटवर टाकलं, झडतीला. त्या दिवशी काकांना कुणीच सांगितलं नाही. ते तिसऱ्यांदा चढत होते, तेव्हा जिन्यातच कोसळले." तिचं नाक लाल झालं. रुमाल माझ्या हाताशी होता, पण मी तो दिला नाही. अपराधाची भावनासुद्धा माझ्याआधी तिनेच उचलली होती.

"काका सांगायचे तसं मी वहीत लिहून ठेवलंय. तारखेनिशी. त्यांचा हात थरथरायचा ना हल्ली. शुक्रवारी चौकशी आहे, मी वही देणार आहे. तुम्ही याल?"

"माझे वडील होते. मला बोलावणं लागत नाही."

वही पाहू का, असं मी विचारलं नाही. तिच्याकडे काही मागायचं माझ्या जिवावर आलं होतं.

शुक्रवारी एका लांबट खोलीत आम्ही बसलो. चौकशी अधिकारी, त्यांचा कारकून, पाळीप्रमुख, ती आणि मी. पाळीप्रमुख गोल चेहऱ्याचा, मऊ आवाजाचा निघाला. मी राक्षस मनात धरून गेले होते.

"साहेब, अक्षर कुणाचं? हिचं. वही कुणाची? हिची. हिची ड्युटी बदलली म्हणून मनात राग आहे, एवढीच गोष्ट. थट्टामस्करी आम्ही करायचो, नाही म्हणत नाही. पण छळ? अहो, छळ झाला असता तर माणूस आधी कुणाला सांगेल? कंट्रोल रूमच्या पोरीला, की पोटच्या मुलीला? त्या बसल्यात समोर. विचारा त्यांना."

तो माझ्याकडे वळला, मान किंचित झुकवून. तो मला मान देत होता. नवव्या दिवसापासून जे मला हवं होतं तेच तो माझ्या हातात ठेवत होता. बाबांच्या सर्वांत जवळची मीच. तसं काही असतं तर मला सांगितलं असतं, एवढंच मला म्हणायचं होतं. ते खोटंही वाटलं नसतं. मी कित्येक रात्री स्वतःला तेच सांगत होते.

शेजारी ती बुटांकडे बघत बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"वडील तुम्हाला काही बोलले होते?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. पाळीप्रमुख खुर्चीत सैल झाला. "मला काही बोलले नाहीत. एकदा जेवताना विचारलं होतं, माणूस नुसतं मोजताना चुकू शकतो का गं? मी पुस्तक वाचत होते. म्हटलं, मोजण्यात काय चुकायचंय. त्यानंतर त्यांनी मला काही विचारलं नाही. त्यांनी हिला सांगितलं."

अधिकाऱ्यांनी वही हातात घेतली.

"तुम्ही वही वाचलीय?"

"नाही. पण माझे वडील रोज जेवताना ताटं मोजायचे, गंमत म्हणून. गेल्या वर्षी माझ्या वाढदिवसाला घरात माणसं होती, आणि त्यांनी मोजलं नाही. त्यानंतर कधीच नाही. दहा मार्च. त्याच्या आसपास काय लिहिलंय, ते बघा."

अधिकाऱ्यांनी पहिलंच पान उघडलं. चष्मा वर करून वाचलं आणि वही पाळीप्रमुखाकडे फिरवली.

"नऊ मार्च," ते म्हणाले. "पहिली नोंद. दवाखान्यात एक, चिठ्ठी मिळाली नाही, तीनदा मोजायला लावलं. त्या दिवशीचं दवाखान्याचं रजिस्टर मागवा. आणि बाकीच्या तारखांचीही यादी करा."

पाळीप्रमुख म्हणाला, "साहेब, मी काय म्हणतो..." पण कारकुनाने यादी करायला घेतली होती.

बाहेर व्हरांड्यात बाक होता. आम्ही दोघी दोन टोकांना बसलो. वही त्यांनी ठेवून घेतली होती. तिच्या हातात पोच होती, घडी घालून घालून मऊ झालेली.

"तुम्ही तसं बोलाल असं वाटलं नव्हतं, ताई."

"मलाही नव्हतं वाटलं."

मग मी म्हटलं, "मला ती वही वाचायची होती."

"परत मिळेल, पण वेळ लागेल." मग जरा लाजून म्हणाली, "मला पाठ आहे तशी. रोज रात्री वाचायचे ना, काही चुकलं नाही ना बघायला."

तिला पाठ होती. माझ्या बाबांची दीड वर्षं तिला तोंडपाठ होती, आणि मला तिचा पुन्हा हेवा वाटला, पहिल्या दिवशी वाटला होता तेवढाच. तो जाईल असं मला वाटत नाही.

मी बाकावरून तिच्या बाजूला सरकले.

"सांग," मी म्हटलं. "पहिल्या पानापासून."